शेवटची कुपी

योग्याकार्ता,
१४ ऑगस्ट

ती. आईंना सलाम,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमचा मुलगा सेतो निरोप अर्धाच सांगतो, म्हणून लिहितेय. तुम्ही पाठवलेले सोयाबीनचे तेम्पे पोचले. केळीचं पान जरा काळं पडलं होतं, पण चव तीच. सेतोने एकट्याने फस्त केले. त्याला अजून भूक लागते, काळजी नसावी. मीही बरी आहे. कामावर जाते, जेवते, झोपते.

तुम्ही पुन्हा विचारलंत, अंगणात वार पुरली, वर दिवा लावला, मग नाळ एवढीशीच का होती? सेतोने उत्तर टाळलं असणार. बाकीची नाळ माझ्या प्रयोगशाळेत आहे. बाळंतपणाआधीच आम्ही दोघांनी तशी संमती दिली होती. इतर बायकांकडे मीच नाळ मागत फिरते, स्वतःची देताना आढेवेढे कसे घेणार?

नाळेतल्या रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं. त्याच्या पेशी आम्ही बशीत वाढवतो. अंगात जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, वाहिनीला चिकटतात आणि जंतूंबरोबर अस्तरही ओरबाडतात. मग शरीर स्वतःच्याच चरबीतून एक द्रव्य बनवतं. ते त्यांना सांगतं, पुरे, आता घरी जा. अस्तर वाचतं. बाळाच्या अंगात जंतू शिरले तेव्हा ते वेळेवर पुरेसं झालं नसावं. तिच्या वाहिन्या पाझरू लागल्या आणि ती गेली. डॉक्टर सांगत होते, मला सगळं कळत होतं आणि रडू येत नव्हतं. अजून येत नाही. शेजारणी मला दगड म्हणतात.

गेल्या आठवड्यात तिच्या नाळेतल्या पेशींवर तेच दुखणं घातलं, आणि ते द्रव्यही. माझी सोबतीण मुर्ती भिंगातून बघून ओरडली, "अगं तितिस, ये ना लवकर! एकसुद्धा पांढरी पेशी चिकटली नाही. कसली चिवट पोरगी आहे ही!" मग कुणाच्या पेशी ते तिला आठवलं आणि ती चहा आणायला पळाली. मी बघत राहिले. अस्तर अखंड होतं.

आता तिच्या पेशींची गोठवलेली एकच कुपी उरली आहे. या पेशी थोडे दिवस वाढतात, मग म्हाताऱ्या होऊन थांबतात. सर म्हणाले, "खात्रीसाठी प्रयोग पुन्हा करायला हवा. पण तुला नको असेल तर घरी ने, पुरून टाक. मी एका शब्दाने विचारणार नाही." सेतो म्हणतो, तू ठरव. तुम्ही म्हणाल, पुरा. वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंड, ते अर्धंच मातीत गेलं तर बाळाला चैन कसं पडेल? मला ते पटतंही.

पण आई, मी ती पुरणार नाही. सोमवारी वितळवून बशीत घालणार आहे. तुम्ही खुशाल रागवा, पण रागवायला इथे या. गुरुवारपर्यंत पेशी बशीभर पसरतील. रुग्णालयात ती काचेच्या पेटीत होती तेव्हा तुम्हाला आतही येऊ दिलं नाही. इथे भिंगाला डोळा लावा आणि हवा तितका वेळ बघा. त्या जिवंत असतील. तुमचं बघून होईपर्यंत मी त्यांच्यावर काहीही घालणार नाही.

तुमची सून,
किनासिहची आई,
तितिस