आमच्या ह्यांचं वैराग्य

बोरगाव, ता. ५ मार्च १९३६
नातवाचं बारसं झालं. बाळ हसतंय अगदी ह्यांच्यासारखं, एका गालानं! आजवर पाटीवरच गिरवत होते, आज खुशीत कागदावर लिहायला घेतलं. ठराव: रोज लिहायचं. दुसरा ठराव: ह्यांच्यावर चिडायचं न्हाई. हे दिवाळीपासनं अंघोळ करीनात. शी! जवळ गेलं की आंबल्या ताकाचा वास. पण आपले मुनी तरी कुठं अंघोळ करत्यात? धर्माचं वारं लागलंय ह्यांना. फस्क्लास.

ता. ९
पाणी गाळून आम्ही जैन सगळेच पितो. हे गाळलेलं परत गाळत्यात, परत, परत. तोवर दिवस मावळतो, मग जेवायचा टाइम संपला. रोजचाच उपास. मी गल्लीभर सांगून आले, आमच्या ह्यांना वैराग्य आलंय. शेजारची तारामती म्हनली, आक्का, वैराग्य आलेला माणूस घागरीला आईवरनं शिव्या देतो व्हय गं? जळतीया. हिचा नवरा तंबाखूच्या वखारीत पत्ते पिसतो, ते बघ म्हनावं.

ता. १२
ह्यांनी मिशी उपटली. एकेक केस ताटाच्या कडेला मांडून ठेवला, आमटीत बी दोन. मी परसात जाऊन ओकले. पण मुनी असंच हातानं केस उपटत्यात की! चंदना, सून माझी, बाळ घेऊन म्हायेरी निघाली. म्हनली, मामंजी बाळाच्या तोंडात बोट घालत्यात, विष हाय का बघायला. लेक नेमू म्हनला, आई, बाबांस्नी बेळगावच्या डॉक्टरकडं नेऊया. म्हनलं, गप रं. रविवारी मुनीम्हाराज येत्यात. त्यांच्यापुढं उभं करते, मग बोल.
बाळाची झबली दोरीवरच राहिली.

ता. १५
ह्यांना नवं धोतर नेसवलं, अर्धी गल्ली संगं घेऊन मुनींकडं गेले. मुनींनी मायेनं इचारलं, अण्णा, मिशी का उपटलीस? हे म्हनले, ती बाई केसाकेसातनं विष सोडती. कोण बाई? ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. म्हनले, माझी बायको लई चांगली होती. हिनं तिला कुठं घालवली कुनास ठाऊक.
मुनी म्हनले, आक्का, ह्यानं काय सोडलेलं न्हाई. हा भ्यालाय. डॉक्टरकडं ने.
तारामती मागंच उभी होती. एक शब्द बोलली न्हाई मेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

ता. १६, सकाळी
नेमू मोटार बघायला निपाणीला गेलाय. ठराव: निघायच्या आधी ह्यांना पाणी पाजायचं. ह्यांचे व्हट फुटल्यात, तोंडाला घाण मारतीया, मी नाक धरूनच जवळ बसले. ह्यांच्यादेखत गाळलं. घेईनात. मग अर्धा तांब्या मीच प्याले.
हे टक लावून बघत बसले, कधी मरतीया म्हनून.
मी मेले न्हाई. हे जरा नाराजच झाले.
मग उरलेलं हे प्याले.