'झालं' म्हणायला बंदी

प्रिय भिंगरी,

आमच्याकडे जागा निघालीय, अर्ज करू का, आणि कंपनी खरंच चांगली आहे की नुसताच देखावा, असं तू विचारलंस. दोन ओळींत कळव म्हणालीस. दोन ओळींत मला जमेना, म्हणून हे पत्र.

खुर्च्या बऱ्या आहेत, कॉफीचं यंत्र महिन्यातून दोनदा रुसतं, एसीवरून रोज वाद होतात. सहाला लोक खरोखर घरी जातात. वेगळं असं एकच आहे. काही बिघडलं की सगळी टीम एकत्र बसते आणि आमच्या मॅडम कुणाला 'झालं' म्हणू देत नाहीत. 'बंद पडलं', 'राहून गेलं', 'उडालं', सगळ्याला बंदी. 'मी बंद पाडलं', 'मी विसरले' असंच म्हणायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही बाई व्याकरण शिकवायची सोडून इथे कुठे येऊन पडली! पण 'मी केलं' म्हटलं की कुणी ओरडत नाही. तसं करता आलंच कसं, एवढं शोधतात आणि ती फट बुजवतात.

मागच्या महिन्यात मी एका दुकानाच्या सगळ्या ऑर्डरी दोनदा पाठवल्या. उभी राहून 'मी पाठवल्या' असं सांगितलं. मॅडमनी एवढंच विचारलं, की ते बटण दोनदा दाबलं जातंच कसं. दुपारपर्यंत आम्ही ते दुरुस्त केलं आणि विषय संपला. मला मात्र जेवण जाईना. सारखी तू आठवत होतीस.

जुन्या ऑफिसात दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटची कामं आपण दोघी एकाच टेबलावर करायचो. एका दवाखान्याची आठवड्याची यादी उडाली, पेशंट दारात ताटकळले, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर तुझी खरडपट्टी काढली, कारण लॉगिन तुझं होतं. तू रडत म्हणालीस, माझ्याच हातून झालं असेल, मी आहेच वेंधळी. चार दिवसांत तुला काढलं. मी तुझी बॅग गेटपर्यंत आणून दिली. सगळ्यांना माझं केवढं कौतुक वाटलं!

भिंगरी, ती यादी मी पुसली. तू चहाला गेली होतीस, माझं मशीन अडकलं होतं, म्हणून तुझ्या खुर्चीत बसले आणि सरावाची समजून खरी यादी पुसली. मला तेव्हाच कळलं होतं. घाबरले आणि तीन वर्षं गप्प बसले. मला फार लाज वाटते. जुन्या साहेबांना काल हे सगळं लिहून पाठवलं, मॅडमनाही सांगितलं. तू अर्ज कर. मी समोर नको असेन तर तसं सांग, मी दुसऱ्या टीममध्ये जाईन. पण एक ऐक. तेव्हापासून तू घराला कुलूप लावतेस, जिना उतरतेस आणि पुन्हा वर जाऊन ते ओढून बघतेस. मी खाली उभी राहून तुला हसते. ते कुलूप दर वेळी नीट लागलेलं असतं गं.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
शेजारच्या खुर्चीतली