ठेच्याची परीक्षा, मुक्काम कुस्को

४ मे, जळगाव
उद्या निघणार. पेरू देश. फळावरून विनोद करणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

हेमांगी तिकडे लिमाला बटाट्यांवर रिसर्च करते. बटाट्यासाठी पोरीला इतक्या लांब जावं लागतं, हे एरंडोलच्या मंडळींना अजून पटलेलं नाही. त्यात आता तिने तिथलाच मुलगा पसंत केलाय. विल्बर किस्पे. मी ओपन माइंडेड बाप आहे, त्यामुळे विरोध केला नाही. एकच अट घातली, तीही मार्चमध्येच. मुलाने सगळ्यांसमोर आपला ठेचा भाकरीबरोबर खायचा. पाणी मागितलं की लग्नाचा विषय बंद. ज्याला आमचा ठेचा सोसतो, त्यालाच आमचं घर सोसतं.

हेमांगीने फोनवर अट पुन्हा एकदा नीट विचारून घेतली. मग चालेल म्हणाली. तो पाणी मागणार हे मला पक्कं माहीत आहे. विरोध न करता विरोध. सरकारी नोकरीत आयुष्य काय उगाच घालवलं?

संकल्प: तिथे फक्त लोकल फूड. परदेशात जाऊन खिचडी मागणाऱ्यांची मला कीव येते. परत आल्यावर ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान. 'पेरूची खाद्ययात्रा.' हॉल बघून ठेवलाय.

आमची सौ. चारुलता ऐन पापडांच्या दिवसांत घर सोडावं लागतंय म्हणून धुसफुसतेय. बॅगेत तिने कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, ठेच्याची बरणी आणि शेव भरली. शेव मी रागावून काढायला लावली.

रात्री परत ठेवली. इमर्जन्सी म्हणून.

७ मे, लिमा
विल्बर एअरपोर्टवर आला होता. उंची बेताची. हसतो फार. वाकून नमस्कार केला. हेमांगीने शिकवला असणार, मार्क नाहीत.

दुपारी सेविचे. लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, वर कांदा. मी म्हटलं, आपण शाकाहारी. चारुलता म्हणाली, खा की, धुळे रोडच्या ढाब्यावर खाता तसं. ढाब्याचं हिला कधीपासून माहीत?

खाल्ला. बरा आहे. व्याख्यानात 'अविस्मरणीय' म्हणायचं.

८ मे
विल्बरने जेवायला नेलं. तो आणखी वाढायला लागला, मी रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. नको नको. माणसाने आता आग्रह करायचा असतो. त्याने मान डोलावली आणि डिश पलीकडच्या टेबलावरच्या म्हातारबांना दिली. हेमांगीला नंतर सुनावलं, तर म्हणाली, पप्पा, इथे नको म्हणजे नकोच. संस्कार नाहीत. नोंद घेतली.

शेव थोडीशी. (इमर्जन्सी.)

१० मे, कुस्को
विल्बरचं गाव. आभाळाला टेकलेलं. जिना चढलो तर दम लागला. माझा स्टॅमिना उत्तम आहे, हवाच पातळ आहे. त्यांनी कसल्याशा पाल्याचा चहा दिला. दूध नाही. त्याला चहा म्हणणं म्हणजे आमच्या चहाचा अपमान. तीन कप प्यायलो.

घरात मुख्य सत्ता आजीची. फाउस्तिना नाव. दोन वेण्या, डोक्यावर उंच हॅट. चेहऱ्यावरून काही कळत नाही. मला आपादमस्तक न्याहाळलं. मी पण न्याहाळलं. अनुभवी माणसं एकमेकांना ओळखतात.

स्वयंपाकघरात जमिनीवर गुबगुबीत गिनीपिग मोकळे फिरतात. एक पांढरा-तपकिरी फार लाघवी. त्याला शेंगदाणे घातले. हातातून घेतले त्याने.

लोटननानाचा एरंडोलहून फोन. माझा थोरला भाऊ. घरातल्या लग्नांत शेवटचा शब्द त्याचा. म्हणाला, सगळ्या भाऊबंदकीला सांगून ठेवलंय, पोराने पाणी मागितलं तर सोयरीक नाही. मी म्हटलं, नाना, तुम्ही निर्धास्त राहा.

१२ मे
बाजारात मक्याची आंबील मिळते. चिचा म्हणतात. आंबटसर, फेसाळ, थंड. अगदी आपली ज्वारीची. हे खरं लोकल फूड! मी मोठे मोठे ग्लास प्यायलो आणि भरल्या बाजारात विल्बरला अहिराणी शिकवायला लागलो. हेमांगी म्हणते, पप्पा, ती दारू आहे. मला आधी कोणी सांगितलं नाही. चारुलताने हातातला ग्लास काढून घेतला. विल्बर मात्र संध्याकाळपर्यंत सगळ्यांना 'बठ्ठा बठ्ठा' (म्हणजे सगळं, सगळं) म्हणत फिरत होता.

१३ मे
आजीने माझ्या सन्मानार्थ खास बेत केला. ताटात अख्खा भाजलेला, डोक्यासकट, तोंडात टोमॅटो.

स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. पांढरा-तपकिरी दिसला नाही.

संकल्पात दुरुस्ती: लोकल फूड, ओळखीचं सोडून.

१५ मे
उद्या परीक्षा. सगळी तयारी माझ्या प्लॅनप्रमाणे चालू आहे.

बायकांचं मात्र वेगळंच काही चाललंय. आजीकडे वाळवलेल्या बटाट्यांची पोती आहेत. दगडासारखे, काळे-पांढरे. चारुलताने ते पाहिले आणि फोनमधले गच्चीवरच्या पापड-कुरडयांचे फोटो दाखवले. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलंय. एकीला स्पॅनिश येत नाही, दुसरीला मराठी, आणि बोलणं थांबत नाही. अंगणात डोलता वरवंटा असलेला भला मोठा पाटा आहे, त्यावर उद्याच्यासाठी ताजा ठेचा वाटला. बरणीतला जुना झाला म्हणे.

मी आजीला ऐकवलं, मिरची म्हणजे खान्देश, शेंगदाणा म्हणजे खान्देश. हेमांगी म्हणाली, पप्पा, मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, सगळं या खंडातूनच आपल्याकडे आलंय. मी पुरावा मागितला. तिने फोनवर दाखवला.

मी म्हटलं, नेट स्लो आहे, नीट दिसत नाही.

१६ मे
आज परीक्षा. सगळं घर टेबलाभोवती. चारुलता व्हिडिओ काढत होती.

विल्बरसमोर कळण्याची भाकरी, ठेचा. माझ्यासमोर आजीने स्वतःच्या हाताने एक लाल भरली सिमला मिरची ठेवली. वर चीज. मी हसलो. आमच्याकडे असलं लहान मुलांच्या डब्यात देतात. हेही आजीला मोठ्याने ऐकवलं. हेमांगीने भाषांतर केलं. आजीने मान डोलावली.

विल्बरने पहिला घास घेतला. दुसरा. कान लाल, नाकातून पाणी, डोळ्यांतून धार. पोरगा थांबेना. मला जरा धाकधूक वाटायला लागली. लक्ष नाही असं दाखवायला मी माझ्या मिरचीचा मोठा लचका तोडला.

ती सिमला मिरची नव्हती.

पुढचं सलग आठवत नाही. कानात शिट्टी वाजत होती. पाणी मागितलं गेलं. कोणी मागितलं ते इथे लिहायची गरज नाही. पाण्याने आणखी भडकलं. मग कोणीतरी माझं डोकं छातीशी धरून दूध पाजलं. डोळे पुसून पाहिलं तर विल्बर. त्याचं स्वतःचं नाक गळत होतं, पाण्याला त्याने अजून हात लावला नव्हता, आणि पाठीवरून हात फिरवत मला हळूहळू, हळूहळू म्हणत होता. मराठीत.

मला फार बरं वाटलं. हे लिहून ठेवतो. नंतर खोडता येईल.

१७ मे
उलगडा झाला. माझी अट हेमांगीने इथे महिन्यापूर्वीच सांगितली होती, आमच्याकडची लग्नाची रीत म्हणून. यांना रीत फार आवडली. फक्त एकाच बाजूची परीक्षा कशी, असं आजीला वाटलं. सोयरीक दोन घरांची. म्हणून वधूपित्याला रोकोतो, सिमला मिरचीसारखी दिसणारी इथली जहाल मिरची. एरवी बिया काढून, उकळून तिखटपणा मारतात. आजीने मारला नाही. विल्बरला म्हणे लहानपणापासून तिखट सोसत नाही. महिनाभर रोज चमचा-चमचा सराव करत होता.

परीक्षा मी घ्यायला आलो होतो. हे पुन्हा स्पष्ट करतो.

दुपारी आजीने सगळ्यांना बसवलं आणि निकाल दिला. हेमांगीने मान खाली घालून भाषांतर केलं. हसत होती असं मला वाटलं.

"आजी म्हणतात, मुलगी आम्हाला पसंत आहे. वडिलांचं आम्ही सांभाळून घेऊ."

चारुलताने लगेच आजीची ओटी भरली. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणणारच होतो, पण आधी दोनदा नको म्हटलं असतं. इथे ते चालत नाही.

१९ मे
तोंड अजून आलेलं आहे. आहार: दूध, भात. खिचडी मागितली. चारुलताने केली.

बरणीतला जुना ठेचाही आजीने संपवला. चमच्याने. सौम्य आहे, पण चव चांगली, असं म्हणाली.

व्याख्यानाचा विषय बदलावा म्हणतो. 'पेरूतील निसर्ग.'

चारुलताने तो व्हिडिओ भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकलाय. पूर्ण. आवाजासकट. सकाळपासून फोन वाजतोय, मी उचलत नाही. शेवटी लोटननानाचा मेसेज आला.

"पोऱ्या पास व्हयना, दखं. तू व्हयना का?"

पोरगा पास झाला, मी झालो का, असं विचारतोय. मग उत्तर पाठवलं: नाना, नेट स्लो आहे.