उजव्या मनगटाचा पट्टा

मी, सौ. सुवर्णा रवींद्र इंगवले, वय सहासष्ट, मूळ गाव कोल्हापूर, हल्ली मुक्काम अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया, पूर्वी सॉफ्टवेअर टेस्टर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. लग्न झाल्यापासून ते कोणाला जमलेलं नाही, हे श्री. इंगवले शपथेवर सांगतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

निमित्त असं की पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. माझा जन्म टेस्टिंगमध्ये गेला. "काळजीचं कारण नाही" असं सांगून माझ्याकडे आलेली एकही गोष्ट पहिल्या फटक्यात चाललेली मला आठवत नाही. सबब हा कागद. वकील म्हणाले, भाषा कोणतीही चालेल, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने शक्यतो साक्षीला सही करू नये.

कलम पहिले. घरातला माझा निम्मा हिस्सा आणि बँकेत जे असेल ते श्री. इंगवले यांना. अट एकच. मी गेल्यावर त्यांनी बिल वाचवायला हीटर कमी करून वन्सांना गारठवू नये. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, श्रीमती शीला खानविलकर. तीन वर्षांपासून त्या आमच्याकडे खालच्या खोलीत राहतात. त्यांच्याबद्दल पुढे बरंच येणार आहे.

कलम दुसरे. गराजमधला मोठा फ्रीझर आणि त्यातलं हरणाचं मटण चिरंजीव नकुल यास. त्याने ते मित्रांना चिप्ससारखं सुकवून वाटू नये. कांदा-लसूण मसाला घालून रस्सा करावा. जमत नसेल तर आत्याला विचारावं, लाज वाटू देऊ नये.

कलम तिसरे. दागिने. पाटल्या सूनबाई आसावरीला, कोल्हापुरी साज मुलगी अदितीला. दोघींना हे तोंडी सांगितलं तेव्हा मला वाटलं, निदान साजावरून जराशी कुरबूर होईल. तर दोघी एका सुरात म्हणाल्या, ते राहू दे, पट्ट्याचं काय? सोन्याचा एवढा अपमान माझ्या माहेरी कधी झाला नव्हता.

कलम चौथे. सदर पट्टा. सगळा तंटा याच्यावरून आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी मेथी, भोपळ्याचे वेल आणि शेवटी हातचा कढीपत्तासुद्धा हरणांनी खाल्ला, तेव्हा मी धनुष्य हाती घेतलं. आजकालच्या धनुष्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत. त्याला रिलीज लागतो. छोटासा आकडा असतो, तो दोरीला अडकवायचा, हात गालापर्यंत ओढायचा आणि चाप दाबायचा. आकडा उघडतो, बाण जातो. एवढंसं यंत्र, पण त्याचे प्रकार साड्यांच्या दुकानात असावेत तेवढे.

श्री. इंगवले म्हणाले, घाई करू नकोस, मी अभ्यास करतो. त्यांनी अभ्यास सुरू केला तेव्हा पानं गळत होती. संपला तेव्हा नवी फुटली होती. तोवर हंगाम गेला, हरणं माझ्या अंगणात बाळंत झाली. घर घेतानाही त्यांनी असंच केलं होतं आणि ज्या गल्लीत घ्यायचं होतं तिथे शेवटी डेटा सेंटर उभं राहिलं. अभ्यासाअंती त्यांनी तज्ज्ञांना आवडतो तो रिलीज आणला. त्याला चापच नाही. ओढता ओढता मूठ किंचित फिरली की तो आपसूक सुटतो. माझा फारच आपसूक सुटला, आणि माझीच मूठ माझ्या तोंडावर बसली. ओठ फाटला. त्याच शनिवारी मराठी मंडळाचा गणपती होता. सगळ्या बायका आधी माझ्या ओठाकडे आणि मग श्री. इंगवल्यांकडे बघत होत्या. मंडळातल्या स्वानंदीने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, घरी सगळं ठीक आहे ना?" त्या गरीब माणसाने पुढे महिनाभर मंडळात मान वर केली नाही.

मग त्यांनी मुठीत धरायचा, अंगठ्याने दाबायचा आणला. वस्तू उत्तम. पण तो हाताला बांधलेला नसतो. चहा ओतायला मी तो खाली ठेवला आणि ओकच्या पानांत तो जो गेला तो गेला.

तेव्हा मी एकटी गाडी काढून विंचेस्टरच्या दुकानात गेले आणि कोल्हापुरात कासाराकडे बांगड्या भरायला बसावं तशी बसले. मूठ आवळली, हात सैल सोडला, एकेक पट्टा घालून पाहिला. वेल्क्रोचा काढताना चर्रकन वाजे. तेवढ्यावर अख्ख्या काउंटीतली हरणं उठली असती. शेवटी साधा चामड्याचा, बक्कलवाला, तर्जनीने चाप दाबायचा पट्टा घेतला. तिसऱ्या भोकात अस्सा बसला! मनगटालाच बांधलेला, म्हणजे हरवायचीही सोय नाही. श्री. इंगवल्यांनी घेतलेले बाकीचे सगळे रिलीज या कलमान्वये त्यांनाच परत देत आहे. त्यांनी तुलना पुरी करावी.

कलम पाचवे. जुना हिशेब. पट्टा बांधायचा म्हणून मी उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या. त्या वर्षी वन्सं भारतातून आल्या होत्या. त्या कोल्हापुरात मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई, त्यांचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण द्यायला हात पुढे केला आणि घर भरून बायका बसलेल्या असताना त्या म्हणाल्या, "नवरा धडधाकट असताना मोकळा हात बरा नव्हे, सुवर्णा."

 उत्तर मला सुचलं ते भांडी घासताना, आणि तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं. ते वाक्य मला इतकं लागलं की पुढे कित्येक वर्षं फोनवर मी त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाही. हे मी लपवत नाही. माझा स्वभाव डूख धरणारा आहे, आणि तो या मिळकतीत धरलेला नाही. कोणी वारसा सांगू नये.

कलम सहावे. भांडण. पट्टा बाजारात दुसरा मिळेल. पण पर्सेलव्हिलच्या पुढे डॉरथीबाईंचा फार्म आहे, तिथल्या ओकखाली हरणांपासून लपून बसायचा माझा कापडी तंबू असतो. डॉरथीबाई नव्वदीच्या, नजर अधू, आणि माणसांची गर्दी त्यांना हरणांहून नकोशी. त्यांनी मला फाटकातच सांगून ठेवलं आहे की या घरातलं एकच माणूस आत येईल, आणि ज्याच्या हातात हा पट्टा दिसेल तेच. म्हणजे ज्याचा पट्टा त्याचा ओक, आणि तो दोघींनाही हवा.

अदितीचं म्हणणं, आईचं ते लेकीचं. आसावरीचं म्हणणं, सासूच्या हातातला दागिना सुनेकडे जातो, असा रिवाजच आहे. त्यावर अदिती म्हणाली, "वहिनी, इट्स नॉट ज्वेलरी!" तेव्हापासून दोघींचा अबोला. दिवाळीचा फराळ दोन घरांतून दोन डब्यांत आला, आणि दोन्ही डब्यांत चकल्याच होत्या, कारण विचारणार कोण कोणाला? मी झडप बदलायला निघाले आहे. माझ्यामागे ही दोन घरं एकमेकांना फक्त नकुलच्या मोबाइलवरून ओळखतील, या विचाराने मला खरोखर झोप येत नाही. हरणं गेली खड्ड्यात.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी दोघींना मागच्या अंगणात बोलावलं. फोमचं निशाण लावलं आणि म्हटलं, हाच पट्टा घालून मारा, बघू कोणाच्या हाताला बसतो. अदिती म्हणजे उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. दोरी ओढली न ओढली तोच तिने चापावर बोट आपटलं. बाण शेजारच्यांच्या कुंपणात. आसावरी नवऱ्याच्या नव्हे, सासऱ्याच्या वळणावर गेलेली. ओढून उभी राहिली ती राहिलीच. हात थरथरायला लागले, दोरी परत सैल केली, आणि म्हणाली की आई, उजेड जरा बदलला असता तर. मग कुंपणावरून आणि उजेडावरून दोघींची जुंपली. पट्टा टेबलावर टाकून एक पुढच्या दाराने गेली, दुसरी गराजमधून. मी आत येऊन चहा ठेवला आणि म्हटलं, हात दाखवून अवलक्षण ते हेच.

कलम सातवे. चहा गाळताना मी खिडकीतून बघितलं, तर अंगणात वन्सं.

त्यांचे यजमान गेले तेव्हा श्री. इंगवले जाऊन त्यांना इकडे घेऊन आले. आल्या त्या मोकळ्या हातांनी. दर संक्रांतीला मी त्यांना वर बोलावते, आणि दर संक्रांतीला त्या पाय दुखतात म्हणून खाली दार लावून बसतात. पी.टी.च्या बाईंचे पाय! मला कळत नव्हतं असं नाही.

त्या दिवशी त्यांनी टेबलावरचा पट्टा उचलला, उलटसुलट पाहिला आणि उजव्या मनगटाला बांधला. तिसऱ्या भोकात. मग धनुष्य घेतलं. हाक मारावी तर दचकून काहीतरी होईल, म्हणून मी गाळणी हातात धरून गप्प उभी राहिले. त्यांनी खांदे पाडले, पाठ ताठ केली, दोरी ओढली. घाई नाही, खोळंबा नाही. चाप इतका सावकाश दाबला की बाण गेलेला त्यांनाही उशिरा कळला असावा. निशाणाच्या कडेला लागला, पण लागला.

मी बाहेर गेले. मला पाहताच त्या चोरी पकडल्यासारख्या बक्कल काढायला लागल्या. म्हणाल्या, सहज बघत होते. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या, वन्सं. मोकळा हात बरा नव्हे."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे वाक्य त्यांना परत करताना फार गोड लागेल. तसं काही झालं नाही. त्या तिथेच खुर्चीत बसून रडल्या. मीही रडले. चहा काळा झाला, तो तसाच प्यालो. पुढे आठवडाभरात त्यांनी नकुलच्या टॅबलेटवर शिकाऱ्यांसाठीचा कोर्स पुरा केला आणि परीक्षेत दोन प्रश्न चुकीचे विचारलेत अशी तक्रारही पाठवली.

कलम आठवे. सबब मी लिहून ठेवते की सदर पट्टा, धनुष्य, कापडी तंबू आणि डॉरथीबाईंच्या फाटकातून आत जायचा मान माझ्या नणंदबाई श्रीमती शीला खानविलकर यांना मिळावा. अदिती व आसावरी यांची हरकत चालणार नाही. वन्सांना गाडी येत नाही, तेव्हा एकीने त्यांना फाटकापर्यंत न्यावं आणि दुसरीने आणावं. हरीण पडलंच तर डॉरथीबाई ओढून न्यायला दोघींना आत सोडतील. मी फोनवर विचारून ठेवलं आहे. ते एकटीने ओढवत नाही. दोन टोकांना धरून, बोलत बोलतच ओढावं लागतं, नाहीतर एकीचे पाय दुसरीकडे जातात.

कलम नववे. संक्रांतीचं हळदीकुंकू या घरात बंद पडू नये. पहिली खुर्ची वन्सांची. पायांची सबब ऐकू नये. त्यांनी पट्टा बांधून बसावं, आणि त्यांच्या हाताबद्दल कोणी काही बोललंच, तर तिला अंगणात नेऊन निशाण दाखवावं.

कलम दहावे. झडप चांगली बसली आणि मी धडधाकट घरी आले, तर घर, फ्रीझर आणि दागिने यांबद्दलची कलमं सध्यापुरती थांबावीत. कलम आठ आणि नऊ मी जिवंत असतानाच लागू होतील. पट्टा मी परत मागणार नाही. मी तंबूत वन्सांच्या शेजारी थर्मास घेऊन बसेन आणि शक्य तितकं गप्प राहीन.

हे मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. खालील दोघांनी मला सही करताना पाहिलं.

सही: सौ. सुवर्णा रवींद्र इंगवले
मुक्काम अ‍ॅशबर्न, दिनांक ११ मार्च २०२५

साक्षीदार पहिला: ईशान, शेजारी. कुंपणात घुसलेला बाण यानेच आणून दिला, तक्रार केली नाही.

साक्षीदार दुसरी: स्वानंदी, मराठी मंडळ. ओठाची हकीकत हिने आज वाचली आणि श्री. इंगवल्यांची माफी मागितली.

ता. क. साक्षीला वन्सं सही करायला निघाल्या होत्या, चष्मासुद्धा पुसून आणला होता. मी म्हटलं, ज्याला लाभ आहे त्याने सही करू नये असा वकिलांचा सल्ला आहे. त्या म्हणाल्या, "मला कसला गं आता लाभ?" मी कागद पालथा घातला आणि त्यांना चहा ठेवायला सांगितलं.