एका खात्यातली पाच नावं

मी, लखन अमृत पाटील, वय चोवीस, धंदा वेबसाईट बनवणे व लोकांचे मोबाईल नीट करणे, राहणार रनाळे, तालुका व जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. मला कोणी काही पाजलेलं नाही, दमदाटी केलेली नाही. डोकं ठिकाणावर आहे. गावात याबद्दल दोन मतं आहेत, पण इथे माझंच मत चालतं असं तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्याने सांगितलं.

लहानपणीच्या तापात माझ्या हृदयाची झडप खराब झाली. येत्या तेरा तारखेला सुरतला ती बदलणार आहेत. डॉक्टर पप्पांना बाहेर नेऊन हळू बोलले, पण दाराला कान लावण्यात मी पहिल्यापासून पक्का आहे. म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

कलम १. घर आणि शेत पप्पांचं, त्यात माझा हात नाही. पोस्टात जे काही आहे ते माझ्या आईचं, अनुसयाबाईचं. तिने ते माझ्या दिवसांच्या जेवणावर उडवू नये. भाऊबंद पोटभर जेवतात आणि वरणात मीठ कमी होतं म्हणत घरी जातात.

कलम २. कॉम्प्युटर, नेटच्या वायरीला टोपी बसवायची पक्कड आणि मोटरसायकल धुडकूला. धुडकू म्हणजे पहिलीपासून माझ्या बाकावरचा. या मृत्युपत्राचा कारभार तोच पाहील. गाडीचा मागचा ब्रेक लागत नाही, हे त्याला माहीत आहे. पडला तर मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नये.

कलम ३. आता मुख्य मालमत्ता. वेबसाईटचे पाच पत्ते, ज्याला डोमेन म्हणतात, माझ्या ताब्यात आहेत. ते लोकांचे आहेत, पण पाचही माझ्या एकाच खात्यात ठेवले आहेत. ही नावं विकणाऱ्या कंपनीची स्कीमच तशी होती, एक खातं घ्या आणि पाहिजे तेवढी नावं टाका. धुडकू तेव्हाच म्हणाला होता, ज्याचं त्याचं खातं वेगळं कर. मी त्याला येड्यात काढलं. एका घराला पाच मीटर कशाला?

कशाला ते नंतर समजलं. एका भावाने तारेवर आकडा टाकला की वायरमन सगळ्या घराचं मीटर काढून नेतो. म्हातारी अंधारात बसते, तिने काय केलेलं असतं?

म्हणून माझी इच्छा अशी की धुडकूने ही नावं सोडवून प्रत्येकाला त्याचं वेगळं खातं काढून द्यावं, पासवर्ड ज्याचा त्याच्या हातात. कोणी म्हणेल मला यातलं समजत नाही, तूच सांभाळ. त्याचं ऐकायचं नाही.

कलम ४. (अ) ममताताईच्या ब्युटी पार्लरची साईट ममताताईला. तिने माझी कधी चेष्टा केली नाही, उलट ओठ निळे दिसले की बसायला खुर्ची दिली.

(ब) गावाच्या बँडची साईट बँडवाल्यांना. माझ्या मयतीला वाजवू नये. त्यांना दोनच गाणी येतात आणि दोन्ही लग्नाची आहेत.

(क) नवनीतशेठच्या मिरचीची साईट नवनीतशेठला. पोरगा दहावीत पहिला आला तेव्हा त्याचा फोटो मिरच्यांच्या मधोमध टाकायला त्यांनी मला बसवलं, आणि टाकताना सारखं विचारत होते, तुला किती टक्के होते रे. त्यांच्या नव्या खात्याचा पासवर्ड म्हणजे ते मला ज्या नावाने हाक मारायचे तेच नाव. आठवलं तर उघडेल.

कलम ५. चौथं नाव 'रनाळे विमानतळ'. हे कोणालाच देऊ नये, जाळून टाकावं.

ते मी २०२२ च्या दिवाळीत गंमत म्हणून काढलं. टाईमटेबल टाकलं, तोरणमाळला सकाळी सातचं विमान, प्रवाशांनी घाटात उलटीची पिशवी सोबत ठेवावी. गाव हसलं. मग मी जास्त शहाणा झालो आणि भरती टाकली, सामान उचलायला चाळीस पोरं पाहिजेत. तीन दिवसांत बावीस अर्ज आले. धडगावकडच्या पोरांनी जातीचे दाखले जोडले होते. मी ते धुडकूला वाचून दाखवत होतो आणि मध्येच माझंच हसणं थांबलं. साईट काढून टाकणार तेवढ्यात कोणीतरी कंपनीकडे तक्रार केली, खोटी नोकरी म्हणून. खरीच तक्रार होती. कंपनीने माझं खातं बंद केलं. एका नावासाठी पाचही नावं अकरा दिवस बंद.

कलम ६. पाचवं नाव सुकलालकाकांचं.

सुकलालकाका आमच्या समोरच्या घरातले. २०१९ च्या मे महिन्यात आमचूर घ्यायला धडगावला गेले ते आले नाहीत. जीपवाल्याने त्यांना स्टँडवर उतरवलं एवढं कळलं. त्याआधी वर्षभर ते विसरायला लागले होते, आमच्याच घरात शिरून जेवायला मागायचे. त्यांची पोरगी कामिनीताई माझ्याकडे आली आणि मी माझी पहिली साईट बनवली. फोटो, उंची, डाव्या हातावर गोंदलेलं नाव, ताईचा फोन नंबर. एसटी स्टँडांवर आम्ही साईटचा पत्ता चिकटवत फिरलो, पार गुजरातेत सोनगडपर्यंत.

फुलीकाकू, म्हणजे त्यांची बायको, रोज संध्याकाळी ताईच्या फोनवर ती साईट बघायची. वाचता येत नाही, फोटो बघायची. दगाआप्पा, म्हणजे सुकलालकाकांचे मोठे भाऊ, तीन वर्षं मागे लागले होते की आता तो गेला असं धरून, पळसाच्या पानांचा माणूस करून प्रकाशा तीर्थाला नेऊ, अग्नी देऊ, पोरीच्या लग्नाचा रस्ता मोकळा होईल. मायलेकी दोघी नाही म्हणायच्या. साईट चालू आहे, फोन येऊ शकतो, मग कसला अग्नी.

साईट बंद पडली त्याच्या चौथ्या दिवशी फुलीकाकू फोन घेऊन माझ्या दुकानात आली.

"लखन, हाई कोनी काढं?"

विमानतळाचं सांगायची मला लाज वाटली. तोंडात आलं ते बोलून गेलो.

"ताईनी सांगं."

ती तशीच मागे फिरली. दुसऱ्या दिवशी ताई आली, तिनेही तेच विचारलं. तिला सांगितलं, काकूने काढायला सांगितलं. मला वाटलं, आठ दिवसांत खातं चालू होईल, मग काहीतरी जोडून देऊ. मी नेहमी जोडून देतो.

दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. आई पोरीला काय विचारणार, बापाला सोडलं का म्हणून? पोरगी आईला काय विचारणार? दगाआप्पाने पुन्हा विषय काढला तेव्हा दोघी खाली बघत बसल्या. आप्पा म्हणाले, मग ठरलं. दहाव्या दिवशी प्रकाशाला तापीच्या काठी पानांचा सुकलाल जाळला. काकूच्या बांगड्या फोडल्या. मी लाकडं वाहिली. अकराव्या दिवशी साईट चालू झाली.

चालू झाल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. अग्नी दिल्यावर ताईने मला म्हटलं होतं, माझा नंबर काढून टाक, आता नको. मी तिथे माझा टाकला. दोन वर्षांच्या वर झालं, तो फोन मी उचलतो. सिमकार्डवाले असतात, चुकून लागलेले असतात. एकदा कोणीतरी बराच वेळ नुसतं थांबलं आणि ठेवून दिलं. मी परत लावला, उचलला नाही.

त्यानंतर दोन स्थळं आली, ताईने दोन्ही मोडली. समोरच्या घरात आता बोलण्याचा आवाज येत नाही, भांड्यांचा येतो.

तेरा तारखेला मी गेलो तर हा फोन कोणी उचलणार नाही. म्हणून हे नाव कामिनीताईला द्यावं, आणि धुडकूने हे कलम माझ्या माघारी दोघींसमोर मोठ्याने वाचावं.

कलम ७. कलम ६ बद्दल, आज वाढवलेलं.

धुडकूला कारभारी म्हणून हा कागद आधी वाचायला दिला. त्याने कलम सहा दोनदा वाचलं.

"तू मरी जाशी, आनि हाई मी वाचू त्यास्ना समोर?"

मी म्हटलं, मेलेल्या माणसावर कोणी ओरडत नाही. तो म्हणाला, म्हणूनच तुला मेल्यावर सांगायचं आहे. मग त्याने कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि समोरच्या दारात जाऊन दोघींना बोलावून आणलं. साईटचं नाव ताईच्या खात्यात टाकायला तिच्या फोनवर ओटीपी येणार आहे, एवढंच सांगून.

त्या खाटेजवळ बसल्या. आई चहा ठेवायला गेली. मी कलम सहा वाचलं. मध्ये दम लागला, तेव्हा थांबलो, कोणी म्हटलं नाही की राहू दे.

वाचून झाल्यावर फुलीकाकूने माझ्याकडे बघितलंच नाही. पोरीकडे बघितलं.

"तू नही सांगं?"

"नही माय. मले वाटनं तू थकी गई."

"मले वाटनं तुले तुन्हा संसार दखना शे."

आई चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. मी म्हटलं, काकू, मारा मला. तिने ते ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. तिने पोरीच्या हातातला फोन घेतला आणि मला विचारलं, ते अजून उघडतं का. मी उघडून दिलं. तिने फोटो बघितला, खाली अक्षरांवर बोट ठेवलं.

"हाई काय शे?"

नंबर आहे, माझा आहे, मी सांगितलं.

"तठेन तुन्हा काढ. हिन्हा टाक."

मी त्यांच्यासमोर ताईचा टाकला. ताईच्या नावाने नवीन खातं काढलं, तिच्या फोनवर आलेला ओटीपी तिने वाचून दाखवला आणि ते नाव माझ्या खात्यातून गेलं. ताईने तिथल्या तिथे धुडकूच्या फोनवरून स्वतःला रिंग देऊन बघितली. आवाज पूर्ण वाढवला.

जाताना काकू उंबऱ्यात थांबली. सुरतला आम्ही दोघी येणार नाही, असं ती माझ्या आईला म्हणाली, मला नाही. आई हो म्हणाली.

तरी कलम ६ मधली मालमत्ता आता माझी राहिलेली नाही, सबब ते कलम रद्द समजावं. खाडाखोड करू नये, जसं लिहिलं तसं राहू द्यावं. आमच्याकडून त्यांच्या घरी कोणी समजूत घालायला जाऊ नये, पप्पांनीसुद्धा नाही.

वरचं सगळं मी वाचून, समजून, शुद्धीत लिहिलं. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि तेरा तारखेनंतर दुसरं करायला मिळालं तर हे फाडून टाकावं.

सही: लखन अमृत पाटील

आम्ही दोघांनी लखनला आमच्यासमोर सही करताना पाहिलं. या कागदातून आम्हाला काही मिळणार नाही.

साक्षीदार १: धनसिंग भिका पाटील, कंपाउंडर, रनाळे (सही)
साक्षीदार २: भटू रामा पाटील, ट्रॅक्टरचालक, रनाळे (सही)

ठिकाण: रनाळे, माझी खाट
तारीख: ९ फेब्रुवारी २०२५