खाली म्हणजे बंद

३ ऑक्टोबर
आज रुजू झाले. किल्ल्यातलं शस्त्रसंग्रहालय लहानच आहे, पण माझ्या खोलीत छान ऊन येतं, खिडकीतून द्राक्षमळे दिसतात. तिकिटं देणाऱ्या हेर्मिनाबाईंनी खसखशीचे पाव आणले होते. म्हणाल्या, भावाची जागा घेतलीस, निदान त्याच्यासारखी टेबलावर धूळ साठवू नकोस. ल्युबोर गेल्यापासून आज पहिल्यांदा हसले.

५ ऑक्टोबर
पिस्तुलं पुसली. आपल्या जुन्या चेक लष्करी पिस्तुलाची सुरक्षा-कळ खाली दाबली की ते बंद. ल्युबोरच्या अंगठ्याला आयुष्यभर तीच सवय. कळ खाली, मग खात्रीसाठी चाप ओढून पाहायचा. बेल्जियन पिस्तुलाचं उलटं. कळ वर असली तर बंद, खाली केली की तयार. एप्रिलमध्ये त्याने सवयीने तीही खाली केली आणि खात्री करून पाहिली. आत एक काडतूस राहिलं होतं.
पोलिसांनी पिस्तूल रिकामं करून परत दिलंय.

८ ऑक्टोबर
सकाळी पिस्तुलांचं कपाट उघडलं तर सगळ्या कळा खाली. बेल्जियनचीसुद्धा. हेर्मिनाबाई म्हणाल्या, किल्ली तुझ्याच गळ्यात, मग काय उंदरांनी केलं? पिस्तुलांना ताजं तेल लावलेलं होतं, ल्युबोर लावायचा तसं, पातळ. रडले. पण बरंही वाटलं. अजून काळजी घेतोय.

९ ऑक्टोबर
पुन्हा सगळ्या खाली. बेल्जियनची वर केली. मोठ्याने समजावलं, ही वेगळी आहे रे.

११ ऑक्टोबर
बेल्जियनच्या नळीत काडतूस. काढून विहिरीत टाकलं.

१२ ऑक्टोबर
पुन्हा काडतूस. ओलं.
काढायला हात पुढे केला की कळ आपोआप खाली सरकते. मागे घेतला की थांबते. मला जपतोय तो.
ल्युबोरची मुलगी ब्लांका उद्या येणार. फोनवर नको म्हटलं. म्हणाली, आत्या, बाबांची खोली एकदाच बघू दे ना, मग नाही त्रास देणार.

१३ ऑक्टोबर
हेर्मिनाबाई पोलिसांना आणायला गेल्यात. आज थट्टा केली नाही. मी उघड्या कपाटासमोर बसून पहारा देतेय. बेल्जियनची कळ अजून वरच आहे —

अंगणात ब्लांका. आत येऊ नकोस म्हणून ओरडले — ऐकू गेलं नाही —

दारात आलीय. विचारतेय, हेच का ते — पुढे येतेय — त्याला ती दिसली. कळ खाली गेली, हळूच — आता तो खात्री — ल्युबोर, ह्याची कळ वर क