रबरी पायावरचं पाणी

गारखेडा, मंगळवार, संध्याकाळ

परवा सायकलवर नागपूरला निघायचं. एका रबरी पायावर जमेल का, हा प्रश्न आता माझा नाही, शेजाऱ्यांचा आहे. आज सरावात पिशोरपर्यंतचा सगळा चढ मी न उतरता काढला.

पण तो तांब्या डोक्यातून जात नाही. माझा जोडीदार दत्ता पिशोरचाच, त्याला डावा हात नाही. तिथल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी पैसे जमावेत म्हणूनच आम्ही दोघं ही राईड करतोय. त्याच्या घरी टेकलो, तर त्याची आई पाव्हण्याचे पाय धुवायला तांब्या भरून घेऊन आली. टँकरचं पाणी. मी डावा पाय पुढं केला, रबरी उजवा मागं ओढला. डावा धुऊन झाल्यावर तिनं उजवाही धरला.

"आये, तो रबराचा हाय. पाणी कशाला घालवती?" दत्ता म्हणाला.

"इथवर तोबी आलाय नव्हं," म्हणत तिनं उरलेला तांब्या त्याच्यावर रिता केला.

पाण्यासाठी राईड, आणि पाणी रबरावर. मी अडवायला हवं होतं का? बहुतेक हवं होतं. मग वाईट का वाटत नाही?

घरी आलो. समोर आणखी एक इमारत उठतेय, नळ मात्र कोरडाच. बायकोनं अर्धी बादली पुढं ठेवली. "जपून वापरा." एरवी मी एकच पाय धुतो, दुसरा फडक्यानं पुसतो.

आज आधी उजवा धुतला.